कॉइलमध्ये उलटं व्होल्टेज बरोब्बर तेवढंच तयार होतं, मग करंट वाहतो कसा?

चोपडा_वायंडर

नमस्कार मंडळी.

चोपड्याला माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे, सत्तावीस वर्षं झाली. मुलगी यंदा बारावी सायन्सला आहे. परवा जेवताना तिने विचारलं, "पप्पा, पुस्तकात म्हटलंय की आदर्श इंडक्टरला, म्हणजे आदर्श कॉइलला, रोध शून्य असतो. त्याला व्होल्टेज लावलं की आतून तेवढंच उलटं व्होल्टेज तयार होतं. थोडं कमी नाही, बरोब्बर तेवढंच. मग दोन्ही एकमेकांना खाऊन टाकणार. शिल्लक शून्य. तर करंटला ढकलतं कोण?"

मी म्हणालो, करंट ९० अंश मागे राहतो. ती म्हणाली, "ते पाठ आहे. मागे का राहतो ते सांगा. व्होल्टेज शून्य होतं त्या क्षणी करंट सगळ्यात जास्त, हे मनाला पटतच नाही."

हाताला जे माहीत आहे ते मी सांगू शकतो. जुन्या ट्यूबलाइटचा चोक, म्हणजे लोखंडावर गुंडाळलेली कॉइल, मल्टिमीटरवर ३८ ओहम दाखवतो. नुसता रोध धरला तर २३० व्होल्टला ६ अँपिअर जायला हवेत, पण जात नाहीत. कॉन्टॅक्टर (कॉइलच्या चुंबकाने ओढला जाणारा स्विच) ओढता ओढता मध्येच अडकला की त्याची कॉइल हमखास जळते, आणि पूर्ण ओढला गेला की वर्षानुवर्षं चालते. स्टार्टरचे पॉइंट लावताना जळत नाहीत, सोडताना जळतात. हे सगळं रोजचं आहे, पण या तिन्हींच्या मागची एक गोष्ट तिला समजेल अशी सांगता येईना. इथे शिकवणारे, रेल्वेतले, शेतीतले सगळेच आहात. तिला सूत्र नको, कारण हवंय.

नंदुरबार_डिप्लोमा

दादा, मी इलेक्ट्रिकल डिप्लोमा दुसऱ्या वर्षाला आहे. आम्हाला असं शिकवलंय की कॉइल करंटला अडवते, म्हणून व्होल्टेज आधी येतं आणि करंट चतुर्थांश आवर्तन उशिरा येतो. ५० हर्ट्झला एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं, म्हणजे करंट ५ मिलिसेकंद उशिरा सुरू होतो.

धुळे_फिजिक्स

नंदुरबारच्या भावा, शेवटचं वाक्य चुकतंय, आणि ही चूक फार मुलं करतात म्हणून आधी तेच धरते. करंट ५ मिलिसेकंद थांबून राहत नाही. व्होल्टेज लागलं त्याच क्षणी तो वाढायला लागतो. फक्त वाढायची सुरुवात शून्यापासून करतो, एकदम उडी मारू शकत नाही. आकृतीत करंटचा माथा व्होल्टेजच्या माथ्यानंतर ५ मिलिसेकंदांनी येतो, एवढंच खरं. माथा उशिरा येणं वेगळं आणि सुरुवात उशिरा होणं वेगळं.

वायंडरदादा, मुलीचा प्रश्न फार चांगला आहे. कॉलेज सुटल्यावर सविस्तर लिहिते.

निंभोऱ्याचा_केळीवाला

भाऊ, मला विजेतलं कळत नाही, पण पाइपलाइनमधलं कळतं. माझ्या भावाने तापीवरून शेतापर्यंत दोन किलोमीटर चार इंची लाइन आणलीय. त्या पाइपात किती पाणी उभं आहे याचा हिशोब आम्ही एकदा केला होता. पंधरा हजार सातशे लिटर. म्हणजे जवळपास सोळा टन वजन पाइपात पडून आहे.

आता मोटार चालू केली की ते सोळा टन लगेच पळत नाही. पंपाजवळ दाबाचा काटा एकदम चढतो, आणि शेतात धार हळूहळू भरत जाते. उलट एकदा लाइन पूर्ण चालू झाली की वॉल (व्हॉल्व्ह) पटकन बंद करायची कुणाची हिंमत नाही. आमच्याकडे एका नव्या गड्याने झटक्यात फिरवला होता. धाडकन ठोका बसला आणि जोड निसटला. पंपाचा दाब तेवढा नव्हताच. तो दाब पाण्याच्या पळण्यातून आला.

मला वाटतं तुमची कॉइल ही अशीच लांब लाइन असावी. दाब म्हणजे व्होल्टेज, धार म्हणजे करंट. ताईंनी सांगावं बरोबर की चूक.

धुळे_फिजिक्स

केळीवाले भाऊ, ही तुलना इतकी बरोबर आहे की गणितसुद्धा तेच आहे. फक्त पाइपातलं घर्षण शून्य आणि लाइन सपाट जमिनीवर आहे असं धरायचं. तसा पाइप म्हणजे आदर्श इंडक्टर.

आता मुलीसाठी लिहिते.

बेटा, आपल्या मनात व्होल्टेज आणि करंटचं एकच नातं बसलेलं असतं, ते रोधाचं. जास्त व्होल्टेज, जास्त करंट. व्होल्टेज नाही तर करंट नाही. हे नातं घेऊन इंडक्टरकडे गेलं की सगळं उलटं दिसतं. इंडक्टरमध्ये व्होल्टेज हे ठरवतच नाही की करंट किती आहे. ते ठरवतं की करंट किती वेगाने बदलतोय. सूत्र तुला नको आहे, तरी शब्दांत सांगते: व्होल्टेज म्हणजे इंडक्टन्स गुणिले करंट बदलायचा वेग. इंडक्टन्स म्हणजे कॉइल करंटच्या बदलाला किती विरोध करते त्याचं माप, आणि ते हेन्रीत मोजतात. अर्ध्या हेन्रीच्या आदर्श कॉइलला १२ व्होल्टची बॅटरी लावली तर करंट दर सेकंदाला २४ अँपिअरने वाढेल. पहिल्या सेकंदाअखेर २४, दुसऱ्याअखेर ४८, आणि बॅटरी पुरवेल तोवर वाढतच राहील. "या कॉइलला १२ व्होल्ट लावल्यावर करंट किती?" या प्रश्नाला इथे उत्तरच नाही. "किती वेळानंतर?" हे विचारावं लागतं.

आता "शिल्लक शून्य" हा तुझा खरा मुद्दा. घर्षण नाही असं धर. बंद पडलेला ट्रॅक्टर तू ढकलतेस तेव्हा तुझ्या हातांना तो उलटा रेटा देतो की नाही? तू लावलास तेवढाच, बरोब्बर तेवढाच. तरी ट्रॅक्टर वेग घेतो. तो उलटा रेटा ट्रॅक्टर वेग घेतोय म्हणूनच आहे. वेग घेणं थांबलं तर तो रेटाही नाही. कॉइलमधलं उलटं व्होल्टेज तसंच करंट बदलण्यामुळे जन्माला येतं. करंट न बदलता ते उभंच राहू शकत नाही. म्हणून "दोन्ही सारखे, तर करंट बदलणार नाही" असं म्हणता येत नाही. दोन्ही सारखे आहेत याचाच अर्थ करंट ठरावीक वेगाने बदलतोय.

तरी तू विचारशील, बरोब्बर सारखेच कसे? थोडं कमी-जास्त का नाही? तारेला रोध नाही. रोध नसलेल्या तारेत इलेक्ट्रॉनांवर जरासा जरी निव्वळ ओढा उरला तर करंट ताबडतोब जास्त जोरात वाढू लागेल. तो जास्त जोरात वाढला की उलटं व्होल्टेज वाढेल आणि उरलेला ओढा खाऊन टाकेल. करंट आपला वाढायचा वेग असा धरतो की शिल्लक काही उरूच नये. साध्या तारेत शिल्लक लागते, कारण इलेक्ट्रॉन ठेचकाळत जातात आणि तो खर्च भरून काढावा लागतो. इथे खर्चच नाही. चालू असलेला करंट चालू ठेवायला काहीही ढकलावं लागत नाही, जसं घर्षण नसलेल्या पाइपात पळणाऱ्या सोळा टन पाण्याला पुढे पंप लागत नाही.

म्हणूनच व्होल्टेज शून्य असताना करंट सर्वाधिक असतो. पंप कल्पनेत घे, जो आधी पुढे दाब देतो, मग हळूहळू दाब कमी करतो, मग मागे ओढतो. जोवर थोडा जरी पुढचा दाब आहे तोवर धार वाढतेच आहे. दाब कमी झाला तर वाढ मंदावते, पण धार कमी होत नाही. दाब शून्याला आला तेव्हा वाढ थांबली, म्हणजे धार आता जास्तीत जास्त. यानंतर उलटा दाब सुरू झाला की मग ती घटायला लागणार. यातला चतुर्थांश आवर्तनाचा फरक म्हणजेच तुझे ९० अंश.

चिन्हाबद्दल एक सांगून ठेवते. काही पुस्तकांत या सूत्राला उणे चिन्ह असतं, काहींत नसतं, आणि मुलं तिथेच अडकतात. उणे लिहिणारे कॉइलने निर्माण केलेल्या विद्युतचालक बलाबद्दल बोलत असतात, म्हणजे लेंझच्या नियमाबद्दल (ते बल बदलाला विरोध करतं, हा तो नियम). अधिक लिहिणारे करंट शिरतो त्या टोकापासून निघतो त्या टोकापर्यंत व्होल्टेज किती उतरलं ते मोजत असतात. दोघेही बरोबर. एकाच गणितात दोन्ही मिसळू नकोस.

चोपडा_वायंडर

मॅडम, आते समजनं. मुलीने दोनदा वाचलं. ट्रॅक्टरचं तिला पटलं, मला पाइपाचं. स्टार्टरचे पॉइंट सोडतानाच का जळतात तेही आता दिसतंय. तो केळीवाल्या दादांचा वॉल आहे.

धुळे_फिजिक्स

अगदी तोच. त्याच अर्ध्या हेन्रीच्या कॉइलमध्ये २ अँपिअर चालू आहेत आणि तुम्ही एका मिलिसेकंदात तोडलेत, तर बदलायचा वेग झाला सेकंदाला २००० अँपिअर, आणि टोकांना उभे राहतात १००० व्होल्ट. बॅटरी मात्र १२ व्होल्टचीच होती. कॉइलमध्ये साठलेली ऊर्जा एकच जूल, पण तिला बाहेर पडायला वाट लागते, आणि ती पॉइंटमधल्या हवेतून वाट काढते. जोसेफ हेन्री नावाच्या अमेरिकन शिक्षकाच्या लक्षात हीच ठिणगी आली होती. लांब गुंडाळलेली तार बॅटरीपासून सोडवताना ठिणगी मोठी पडते, हे त्याने १८३२ साली छापलं. फॅराडेचा प्रवर्तनाचा शोध १८३१ चा. इंडक्टन्सच्या एककाला हेन्रीचं नाव आहे ते यासाठी. तुमच्या दुकानात रोज पडते ती ठिणगी तीच आहे.

भुसावळ_लोको_निवृत्त

मी भुसावळला इलेक्ट्रिक लोकोवर तेहतीस वर्षं काढली. माझा अनुभव जोडतो.

वरच्या तारेत २५ हजार व्होल्ट एसी. इंजिनात ट्रान्सफॉर्मरने तो उतरवायचा, रेक्टिफायरने एका दिशेचा करायचा आणि डीसी मोटारींना द्यायचा. जुन्या डब्ल्यूएजी-५ किंवा डब्ल्यूएपी-४ ची ही गोष्ट, नव्या इंजिनांत थ्री फेज मोटारी आहेत. रेक्टिफायरमधून निघणारं व्होल्टेज सपाट नसतं, सेकंदाला १०० वेळा शून्याला जाऊन येतं. करंटही तसाच उड्या मारू लागला तर मोटारीचे ब्रश आणि कॉम्युटेटर टिकणार नाहीत. म्हणून मध्ये स्मूदिंग रिॲक्टर बसवलेला असतो. म्हणजे एक दणदणीत कॉइल.

नव्या मुलांना मी समजावायचो की रिॲक्टर व्होल्टेजची खळबळ स्वतःच्या अंगावर घेतो आणि करंटला शांत ठेवतो. रेक्टिफायरचं व्होल्टेज मोटारीच्या गरजेपेक्षा वर गेलं की वरचं रिॲक्टरवर पडतं आणि करंट किंचित चढतो. खाली आलं की रिॲक्टरचं व्होल्टेज उलटतं आणि तो साठवलेल्यातलं देतो. एका पूर्ण फेरीत त्याच्यावर जितकं अधिक पडलं तितकंच उणे पडलं पाहिजे. नाहीतर करंट दर फेरीला चढतच जाईल.

नंदुरबार_डिप्लोमा

सर, तुमचं शेवटचं वाक्य वाचून माझी एक अडचण विचारतो. मॅडमचं वाचल्यावर मी मोबाइलवर सिम्युलेशन केलं. १ हेन्री, रोध शून्य, २३० व्होल्ट एसी, आणि व्होल्टेज शून्य असताना स्विच चालू. करंटची लहर शून्याच्या खाली जातच नाही! शून्यातून वर चढते, २.०७ अँपिअरला जाते, परत शून्याला येते, पुन्हा वर. पुस्तकाप्रमाणे रिॲक्टन्स (एसीला कॉइलचा अडथळा) ३१४ ओहम, म्हणजे करंट ०.७३ अँपिअर, माथा १.०३ ला हवा, आणि खालीही तेवढाच जायला हवा. प्रोग्राम चुकतोय का?

धुळे_फिजिक्स

प्रोग्राम बरोबर आहे, आणि तू फार मोलाची गोष्ट पकडलीस.

करंट किती बदलला हे व्होल्टेजच्या आलेखाखालच्या क्षेत्रफळावरून कळतं. २३० व्होल्टचा माथा ३२५ व्होल्टचा असतो. अर्ध्या आवर्तनाच्या त्या टेकडीखालचं क्षेत्रफळ म्हणजे ३२५ च्या दुप्पट भागिले ३१४, ते येतं २.०७ व्होल्ट-सेकंद. १ हेन्रीला एवढे व्होल्ट-सेकंद मिळाले की करंट २.०७ अँपिअरने बदलणार. कुठून कुठे बदलणार हे मात्र व्होल्टेज सांगत नाही. ते सुरुवात कुठून झाली यावर आहे. तू व्होल्टेज शून्य असताना स्विच लावलास, करंटही शून्य होता. पूर्ण टेकडी मिळाली, करंट २.०७ ला पोचला. पुढच्या उलट्या टेकडीने तेवढाच खाली आणला, म्हणजे शून्याला. रोध नाही म्हणून हा वर सरकलेपणा कधीच विरघळत नाही. आदर्श इंडक्टर सुरुवातीचा क्षण विसरत नाही.

आता तोच स्विच व्होल्टेज माथ्यावर असताना लाव. करंट पहिल्यापासून उणे १.०३ ते अधिक १.०३ मध्ये नीट झुलेल. दोन्ही वेळी माथे शून्यापासून मोजले तर वेगळे, पण झोका २.०७ चाच. आणि दोन्ही वेळी लहरीचा माथा व्होल्टेजनंतर ५ मिलिसेकंदांनीच येतो.

खऱ्या कॉइलला रोध असतो, तो हा सरकलेपणा हळूहळू खाऊन टाकतो आणि मग पुस्तकातलं चित्र दिसतं.

भुसावळ_लोको_निवृत्त

हे डोळ्यांनी आणि कानांनी अनुभवलेलं आहे. रिकामा ट्रान्सफॉर्मर चार्ज करताना कधी शांतपणे होतो, तर कधी दणकन हुंकार देऊन काही वेळ गुरगुरत राहतो. ट्रान्सफॉर्मर तोच, व्होल्टेज तेच. फरक असतो ब्रेकर बंद होण्याच्या क्षणाचा. लोखंडात पूर्वीचं चुंबकत्व उरलं असेल तर त्याचाही. करंट वर सरकला की लोखंड चुंबकत्वाने भरून जातं, इंडक्टन्स कोसळतो आणि करंट आणखी उसळतो. म्हणून संरक्षणाचे रिले या उसळीला फसणार नाहीत असे बसवावे लागतात.

चोपडा_वायंडर

सर, "इंडक्टन्स कोसळतो" वाचून माझा अडकलेला कॉन्टॅक्टर आठवला. तिथेही हेच ना?

धुळे_फिजिक्स

तिथे कारण वेगळं, परिणाम तोच. कॉन्टॅक्टर पूर्ण ओढला की लोखंडाचे दोन्ही भाग चिकटतात, चुंबकीय वाट सलग होते, इंडक्टन्स मोठा, करंट लहान. मध्ये अडकला की हवेची फट राहते, इंडक्टन्स घटतो. एसी व्होल्टेज तर तेवढेच व्होल्ट-सेकंद देतंय, तर करंटला जास्त झुलावं लागतं, आणि तांब्याच्या रोधात तो तापतो. आदर्श कॉइल कितीही करंटने तापली नसती, कारण ती घेतलेली ऊर्जा अर्ध्या आवर्तनाच्या आत पूर्ण परत करते. तुमची तांब्याची आहे.

जळगाव_स्कॅन

मी एमआरआय टेक्निशियन आहे. आदर्श इंडक्टर फक्त पुस्तकात असतो असं इथे सगळे धरून चाललेत म्हणून लिहितो. एमआरआयचं मोठं चुंबक म्हणजे अतिवाहक, म्हणजे रोध शून्य झालेल्या, तारेची कॉइल असते, द्रव हेलियममध्ये बुडवलेली, उणे २६९ अंश सेल्सिअसच्या आसपास. बसवताना तिला थोडेसेच व्होल्ट लावून करंट सावकाश काहीशे अँपिअरपर्यंत चढवतात. मग दोन्ही टोकं अतिवाहक तारेनेच जोडून टाकतात आणि पुरवठा काढून घेतात. त्यानंतर व्होल्टेज शून्य, आणि करंट वर्षानुवर्षं फिरत राहतो. रात्री मशीन वापरात नसतं तेव्हाही चुंबक चालूच असतं. म्हणून खोलीत लोखंड न्यायची बंदी चोवीस तास असते.

मुलीला सांगा, करंटला कोण ढकलतं या प्रश्नाचं उत्तर इथे सरळ आहे. कुणीच नाही.

चोपडा_वायंडर

सगळ्यांचे मनापासून आभार. आज रविवार, दुकान अर्धा दिवस बंद ठेवलं आणि मुलीला घेऊन बसलो.

तोच ३८ ओहमचा चोक घेतला, १२ व्होल्टची बॅटरी, आणि फेज टेस्टरमधला निऑनचा दिवा त्याच्या रेझिस्टरसकट चोकच्या दोन टोकांना कायमचा जोडून टाकला. मेन लाइनचा संबंध नाही, आणि सोडताना उघड्या तारेला हात नाही, हे तिला आधी बजावलं. बॅटरी लावली, दिवा लागला नाही. लावून ठेवली, तरी नाही. सोडली की लखकन एक चमक. वीस-पंचवीस वेळा केलं, दर वेळी तसंच. निऑनला पेटायला साठ-सत्तर व्होल्टच्या वर लागतात हे तिला माहीत होतं, त्यामुळे ती काही बोललीच नाही, नुसती पुन्हा पुन्हा करत राहिली.

मग तिने खोलीतला लाइट बंद केला आणि दिव्याच्या आत निरखून पाहिलं. खालचं तिचेच शब्द आहेत, ती माझ्याच नावाने लिहितेय.

मॅडम, मी वायंडरदादांची मुलगी. निऑनमध्ये दोन छोट्या तारा असतात. एसीवर दोन्ही उजळतात, पण आज चमकताना दर वेळी एकच उजळत होती, आणि ती बॅटरीच्या अधिक टोकाला जोडलेली होती. पप्पा म्हणाले डीसीवर निऑनची उणे बाजू उजळते. मग अधिकला जोडलेली तार उणे कशी झाली? मी असा विचार केला: बॅटरी लावलेली असताना करंट वाढत होता, तेव्हा ते टोक अधिक होतं. सोडल्यावर करंट त्याच दिशेने जातोय पण घटतोय. बदल उलटा झाला, म्हणून व्होल्टेजही उलटं झालं. करंटची दिशा बदलली नाही, फक्त व्होल्टेजची बदलली. बरोबर आहे का?

धुळे_फिजिक्स

बरोबर आहे बेटा. पूर्ण बरोबर.

निंभोऱ्याचा_केळीवाला

पोरीला माझ्याकडून शाबासकी सांगा भाऊ. आणि पुढच्या आठवड्यात माझी साडेसातची मोटार घेऊन येतोय, तेव्हा तो निऑन मलाही दाखवा.